चाललेलं कोंबडं

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणालाही पटणार नाही. सत्तावीस वर्षं मी ढोरांच्या दवाखान्यात परिचर होतो. त्या काळात एका म्हशीच्या पोटातून छत्री निघालेली मी पाहिली, आणि बाहेर पाऊस होता म्हणून तीच छत्री उघडून घरी आलो. हे लोकांना पटलं. एक खोंड शिंकलं आणि डॉक्टरसाहेबांचा चष्मा अणदूरहून उडून नळदुर्गच्या किल्ल्यात सापडला. हेही पटलं. पण माझ्या कोंबड्याची गोष्ट काढली की लोक चपला शोधायला लागतात. खऱ्या गोष्टीचं नशीबच तसलं.

परवा ती पुन्हा सांगावी लागली, ती महांतेशमुळं. हा महांतेश कोंबड्यांच्या कंपनीचा सुपरवायझर, अक्कलकोटकडचा, नुकताच आमच्या भागात बदलून आलेला. माझे शेजारी माणिकप्पा यांच्या रानात बॉयलर कोंबड्यांचं शेड आहे. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, घाम माणिकप्पांचा. त्यांची मजा अशी, की माणूस सात पिढ्यांचा शाकाहारी. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आजवर लाखभर कोंबड्या वाढवून गाडीत चढवल्या असतील, पण एकीचीही चव त्यांना ठाऊक नाही. चांगली कोंबडी कुठली, विचाराल तर म्हणतात, "जी काट्यावर जड भरते ती."

तर शेड तपासून झाल्यावर दोघं माझ्या ओट्यावर चहाला बसले होते. तिसरा गोरोबा. त्याच्या रानाला माझं रान लागून आहे. तो बोलत नाही, तंबाखू मळतो. त्याचं मळणं थांबलं की समजावं, त्याला काहीतरी खटकलंय.

महांतेश बशीत चहा ओतत म्हणाला, "आबा, आमचा पक्षी बेचाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जातो. तुमचं गावरान तेवढं भरायला सात महिने घेतंय. आन् मांस म्हंजी शेवटी मांसच की. चवीचं म्हणाल तर सगळे मनाचे खेळ."

मी माझी बशी खाली ठेवली.

"मनाचे खेळ?" मी म्हणालो. "माझी केशर त्या खेळावर जगायची का मरायची, ते ठरणार हुतं. ऐकायचंय?"

माणिकप्पांनी कपाळाला हात लावला. "अय्यो. काढली बघा कोंबड्याची."

दोन वर्षांमागची गोष्ट. भादव्यात माझ्या बायकोला, केशरबाईला, टायफॉइड झाला. ताप गेला, पण जाताना तिची भूक बरोबर घेऊन गेला. सासरी आली तेव्हा जी बाई दोन भाकरींवर तिसरी कोरभर मागून घ्यायची, ती आता चमचाभर पेजेकडं पाहून तोंड फिरवायची. दवाखान्याच्या काट्यावर चढवली तर छत्तीस किलो. पातळासकट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंडी द्या, डाळ द्या, चिकन द्या. पोटात काही गेलं नाही तर नळी घालावी लागेल." पुण्याहून आमचा धम्मपाल रोज फोन करायचा, आईला इकडं आणा म्हणून. केशर म्हणायची, "मरायचंच आसंल तर तिसऱ्या मजल्यावर कशाला?"

तिच्या जिभेबद्दल मात्र आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तसली जीभ अख्ख्या जिल्ह्यात नव्हती. भाकरीचा तुकडा मोडायची आणि सांगायची, ही ज्वारी विहिरीच्या वरच्या अंगाची. दूध प्यायची आणि सांगायची, म्हशीला आज कुणीतरी रागं भरलंय. एकदा येरमाळ्याच्या जत्रेत तिनं एका हलवायाचा पेढा खाल्ला आणि त्याला म्हणाली, "दादा, बायकोशी बोल, चार दिस झालं." तो तिथंच रडायला लागला.

"पेढ्यावरनं?" महांतेश म्हणाला.

"पेढ्यावरनं. त्यात वेलदोडा दोनदा पडला हुता. माणसाचं ध्यान ठिकाणावर नसल्याबिगर आसं व्हत न्हाय."

महांतेशनं माणिकप्पांकडं पाहिलं. माणिकप्पांनी आभाळाकडं.

चिकन द्या म्हटल्यावर पहिले धावून आले ते हेच माणिकप्पा. माणूस सोन्यासारखा. शेडात स्वतः शिरले, पाच हजारांतून सगळ्यात जड पक्षी निवडला आणि उपरणं नाकाला लावून माझ्या दारात आणून दिला. "वैनीला घाला," म्हणाले, "पावणेतीन किलो हाय. दोन दिसांत उठून बसतील." मी रस्सा केला. स्वयंपाक तेव्हा माझ्याकडंच होता. मऊ शिजलं, दहा मिनिटांत. केशरनं एक फोड तोंडात धरली, बराच वेळ धरली, आणि हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आवो, ह्ये कोंबडं कधी चाललंच न्हाय."

"म्हंजी?"

"दाणापाण्यापासनं हललंच न्हाय ते. मांडी बघा की, कापसावानी. आन् ह्येनं अंधार पण बघितला न्हाय बिचाऱ्यानं. रातभर दिवे लावून खायाला लावलंय. झोप न्हाय ह्या मांसात."

आता ती काही शेडात गेली नव्हती. पण खरं होतं सगळं. तुसावर पाच हजार पक्षी, दर पक्ष्याला पाटाएवढी जागा, तोंडापुढं खाद्य, वर बल्ब. चालायचं कुठं आणि कशाला?

दुसऱ्यांदा मी हायवेवरच्या ढाब्यातून आणलं. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'अस्सल गावरान'. तास लागला शिजायला, मला वाटलं, जमलं. केशरनं एक घास घेतला आणि तिचे डोळे भरले. "ही म्हातारी हाय," म्हणाली. "पिंजऱ्यात उभी राहून राहून अंडी घातलीत हिनं. दमलीय लई. हिला कशाला आणलं?" मी दवाखान्यातला माणूस, मला ठाऊक असायला पाहिजे होतं. अंडी द्यायच्या थांबलेल्या कोंबड्या चिवट होतात, आणि चिवट म्हणजे गावरान असं समजणाऱ्यांना त्या खपवतात. चिवट आणि घट्ट यात फरक आहे. म्हातारा माणूस आणि पैलवान, दोघांचीही मांडी हाताला कडक लागते, पण कारणं वेगळी.

तिसऱ्यांदा कळंबच्या बाजारातून एक तांबडा-काळा रंगीत कोंबडा आणला. तुरा असा, की पाटलाचा फेटा. हिंडताना तर असा हिंडत होता, की मला वाटलं आता निकाल लागला. केशरनं चाखलं.

"रूप गावरान हाय," ती म्हणाली. "पाय सरकारी."

"सरकारी म्हंजी?"

"हाईत, पण हलवलं न्हाईत."

मी सत्तावीस वर्षं सरकारी नोकर. पण आजारी माणसाशी कोण वाद घालतो?

ताट बाजूला सारून ती भिंतीला टेकली. उन्हाची एक तिरीप तिच्या हातावर पडली होती. हात कसला, नुसत्या शिरा. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळत होतं, नळीचं, पुण्याचं, आणि रोज चुलीपुढं बसून मी धुराचं निमित्त करून काय करतो तेही.

म्हणाली, "आवो, आसं करा. मला एक चाललेलं कोंबडं खायाला घाला. तवर म्या कुठं जात न्हाय. शब्द हाय."

"आन् तवर पोटात काय?"

"तवर तुमच्यासाठी पेज घेईन. वाटीभर. तोंड वाकडं करीन, पण घेईन."

माझी केशर शब्द मोडत नाही. मी उठलो आणि तडक गोरोबाकडं गेलो.

आमच्याकडं रीत आहे. एकाची अंडी, दुसऱ्याची उबवायला बसणारी खुडूक कोंबडी, आणि जी पिल्लं निघतील ती निम्मी-निम्मी. गोरोबाची कोंबडी तेव्हा खुडूक बसायला लागली होती. मी चार गावं फिरून, ज्यांच्या कोंबड्या रात्री झाडावर झोपतात अशाच घरांतून अकरा अंडी गोळा केली आणि तिच्याखाली मांडली. कार्तिकात नऊ पिल्लं निघाली. चार माझी, चार गोरोबाची, नववं कुणाचं यावरून आम्ही दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. मग घारीनं दोन नेली, मुंगसानं तीन, एक पाण्याच्या घमेल्यात पडलं, आणि दोन मानमोडीच्या रोगानं गेली. लस मीच टोचायची होती, पण केशरच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत राहून गेली. सत्तावीस वर्षं गावाच्या कोंबड्यांना लस टोचली, आणि घरच्यांनाच चुकलो.

उरलं ते नववं. ज्याच्यावर भांडण होतं तेच. नर.

"निम्मं माझं," गोरोबा म्हणाला.

"कुठलं निम्मं?"

"उजवं."

म्हणजे माझ्या वाट्याला डावी तंगडी, डावा पंख आणि अर्धी मान. ठरलं. त्या दिवसापासून ते कोंबडं डाव्या पायावर जास्त जोर द्यायला लागलं. जनावराला मालक कळतो.

"हे मात्र आता अती झालं," महांतेश म्हणाला.

गोरोबा तंबाखू मळत राहिला. म्हणजे एवढं खरं धरायला हरकत नव्हती.

आता पद्धत ऐका, म्हणालो. कंपनीच्या पुस्तकात नाही ही. एक, शेडाचं खाद्य एक दाणा नाही. जे टिपील ते रानातलं. दोन, रात्री खुराड्यात दिवा नाही. अंधार पडला की झोप, कोंबड्याला आणि मला. तीन, घाई नाही. मांसाला चव यायला दिवस लागतात, ते आपोआप येतात, विकत आणता येत नाहीत. आणि चार, सगळ्यात मोठी गोष्ट, चालणं. पिल्लू आईपासून सुटलं तसा मी रोज उन्हं वर आली की त्याला बाहेर काढायचो. तो पुढं, मी मागं. आधी उंबऱ्यापासून लिंबापर्यंत. मग लिंबापासून बांधापर्यंत. मग नाल्याची कड, तिथली वाळवीची वारुळं. करडई काढली तेव्हा सांडलेली करडई. तुरीच्या खळ्यावरचे किडके दाणे. माघात हुरड्याच्या आगटीभोवती भाजलेले दोन-चार. उन्हाळ्यात माळ. माळावर काय मिळतं म्हणाल तर काही नाही, पण काही नाही ते शोधायला कोस-कोस चालावं लागतं, आणि तिथंच तर मांडी घडते.

"आबाराव," माणिकप्पा म्हणाले, "गुडघ्याचं काय? तुमाला तर ओट्याची पायरी उतरताना—"

"तवा बरं हुतं गुडघं."

गोरोबाचं मळणं थांबलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

चार महिन्यांचं झालं तेव्हा त्या कोंबड्याच्या पोटऱ्या कुस्तीगिराला लाजवतील अशा झाल्या. एकदा तुळजापूरची एसटी त्याच्या मागून आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. कोंबड्यानं मागं पाहिलं, बाजूला होण्याऐवजी पळायला लागलं, आणि फाट्यापर्यंत एसटीला पुढं जाऊ दिलं नाही. फाट्यावर कंडक्टरनं खाली उतरून मला नमस्कार केला. म्हणाला, "काका, आमच्या डेपोत चालक कमी हाईत."

महांतेश हसता हसता चहा सांडून बसला.  पोरगा वाईट नाही. त्यानं हळूच विचारलं, "मग आजी? तवर आजी पेजेवरच?"

"थांबा की."

पेजेवरच. पण वाटीची दीड वाटी झाली होती. मग एक दिवस तिनं अंडं मागितलं. काट्यावर छत्तिसाचे अडतीस झाले. मी कुणाला बोललो नाही, दृष्ट लागते म्हणून. आमच्यात असलं मानत नाहीत, पण त्या वेळी मी सगळं मानत होतो.

आणि इथं माझी पंचाईत झाली. गावरान कोंबडं सहाव्या महिन्यात ऐन भरात येतं. मांस घट्ट, चरबी हळदीसारखी पिवळी, रश्श्याला स्वतःचा वास. सातव्यापर्यंत चालतं. त्यापुढं दर आठवड्याला धागा जाड होत जातो. दवाखान्यातला माणूस म्हणून मला हे पाठ होतं. पण केशर काय म्हणाली होती? चाललेलं कोंबडं खायला घाला, तवर म्या कुठं जात न्हाय. तवर. ते कोंबडं जोवर कच्चं आहे तोवर तिनं शब्द दिला होता. पुढचा दिला नव्हता.

वैशाखात ती म्हणाली, "झालं का वो तुमचं कोंबडं?"

"न्हाय न्हाय. आजून कवळं हाय."

पंधरा दिवसांनी म्हणाली, "आता?"

"आता जरा रोडावलंय. उन्हाळा हाय."

ज्येष्ठात तिनं त्याला स्वतःच धरलं, मांडी चाचपली, आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदा मी मीठ विसरून दळण घेऊन आलो होतो तेव्हा पाहिलं होतं. "ह्येला कवळं म्हणता? ह्येच्यावर दळण दळावं. आवो, तुमच्या मनात काय हाय?"

मी काय सांगू? म्हणालो, "काय न्हाय. लळा लागलाय."

"कोंबड्याचा?"

मी लिंबाकडं पाहत बसलो. ती माझ्याजवळ येऊन बसली. हळू, गुडघ्यावर हात ठेवून.  कोंबडं आमच्या दोघांच्या मधून एकदा गेलं, एकदा आलं. मग म्हणाली, "कापा उद्या. एक शब्द सपला तर दुसरा देता येतोय की."

इथं माणिकप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले. कोंबडं कापायच्या गोष्टीत डोळे टिपणारा शाकाहारी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कापायचीही पद्धत आहे. महांतेशला म्हणालो, लिहून घे. तुमच्या गाडीत पक्षी उलटे धरून कोंबतात, रस्ताभर एकमेकांवर पडतात, भेदरतात. भेदरलेल्या जिवाचं मांस शिजताना पाणी सोडतं आणि दाताखाली रबरासारखं होतं. आमच्या कोंबड्याला मी आदल्या दिवशी पळू दिलं नाही. डालग्याखाली सावलीत ठेवलं, पाणी दिलं, गप्पा मारल्या. सकाळी गोरोबानं त्याला मांडीवर घेतलं, डोळ्यांवर पंचा टाकला, कान खाजवला. ते झोपलं. झोपेतच गेलं.

गोरोबा पहिल्यांदा बोलला. "कोंबड्याला कान कुठं आसतोय खाजवायला?"

"आसतोय. आत."

उजवी बाजू त्याला दिली. डावी आमच्या चुलीवर. आधी आळणी केलं, नुसतं हळद-मीठ घालून. मग खोबरं-कांदा भाजून वाटलं, वर घरचा येसूर मसाला. कुकरच्या सत्तावीस शिट्ट्या झाल्या. शाळेतली पोरं शिट्ट्या मोजत मोजत पाढे म्हणून मोकळी झाली. आणि वास! वास बांध ओलांडून माणिकप्पांच्या रानात गेला. हे बांधावर येऊन उभे राहिले. मी विचारलं, काय माणिकप्पा? म्हणाले, वारं खातोय.

"खोटं! साफ खोटं!" माणिकप्पा उसळले. "यप्पा, म्या मोटार बंद करायला आलो हुतो!"

"तास-दीड तास?"

"स्टार्टर आडकला हुता!"

तर बसलो जेवायला. मी तिला डावी तंगडी वाढली. भाकरी चुरून वर रस्सा घातला. माझा स्वतःचा घास हातातच. तिनं तंगडी उचलली, मांसाला दात लावला. तुटेना. तिनं पुन्हा जोर लावला. तुटलं. चावलं. चावत राहिली. तुमच्या बॉयलरला चावावं लागत नाही महांतेश, ते आपणहून विरघळतं. ह्याला जबडा पाहिजे. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या गालात काहीतरी हलताना मी पाहत होतो.

मग तिनं डोळे मिटले.

"ह्ये चाललंय," म्हणाली.

माझ्या हातातला घास ताटात पडला.

"नाल्याकडंनं चाललंय," ती डोळे मिटूनच म्हणाली. "वारुळं उकरलीत. करडई खाल्लीय, बांधावरची. खळ्यावरची तूर हाय, पण किडकी. आन् माळ. माळ लई हाय ह्येच्यात. त्या विलायती चिंचेच्या अंगानं वर जायची वाट हाय ना, ती. तिथं बसलं पण हाय सावलीला. रोज."

माझ्या अंगावर काटा आला. नुसत्या चवीवरून! एका घासात आठ महिन्यांची वाट सांगितली बाईनं. झाड न् झाड, वळण न् वळण. मी जिथून जिथून त्याला चालवत नेलं होतं, ती प्रत्येक जागा. आणि मग दुसरा घास घेऊन म्हणाली, "आन् ह्येनं माणिकप्पांचा भुईमूग पण खाल्लाय."



माणिकप्पा हळूहळू माझ्याकडं वळले. "माझा भुईमूग? ज्यो उंदरानं नेला म्हणून तुमीच मला सापळा दिला हुता, त्यो?"

"त्ये सोडा. महत्त्वाचं काय, तिनं त्या दिशी दीड भाकरी खाल्ली. रस्सा दोनदा मागून घेतला. नळी चोखून पांढरी केली. हे सगळं कशामुळं, महांतेश? बेचाळीस दिवसांत व्हत न्हाय हे. ह्या आबारावानं आपल्या पायांनी आठ महिने एका जिवाला चालवलं, तवा—"

"एक मिनिट, आबा," महांतेश म्हणाला. कंपनीनं त्याला हिशेबाला ठेवलाय, ते उगाच नाही. "वाळवी, करडई चवीत उतरली, मानलं. माळाचं पण मानतो. पण भुईमुगाचा मालक कोण, हे जिभेला कसं कळलं?"

मी तोंड उघडलं. उत्तर येत होतं, चांगलं होतं, मातीच्या खारटपणावरून काहीतरी. पण त्याआधी मागून काठी आपटल्याचा आवाज आला. केशर. माळावरून परत येत होती, पदरात शेंगा, चपला धुळीनं पांढऱ्या. कधीपासून कोपऱ्यावर उभी होती कोण जाणे. महांतेश तिच्याकडं बघतच राहिला. गोरोबानं मात्र तंबाखू झाडून टाकली आणि चेहरा असा केला, जसा माणूस नाटकाच्या शेवटच्या प्रवेशाला सरसावून बसतो.

"जिभेला कशाला कळाय पायजे?" ती म्हणाली. "म्याच सोडत हुते त्येला भुईमुगात. माणिकप्पा, माफ करा, दोन वाफं गेलं तुमचं. आन् ह्यो माणूस काय सांगतोय तुमास्नी? ह्येनं चालवलं? गुडघ्याला तेल लावून बसलेला आसायचा ह्यो, ओट्यावर, ह्याच जागंला. त्या कोंबड्यानं माझ्या म्होरली पेजेची वाटी सांडली म्हणून काठी घेऊन उठले म्या, पयल्यांदा. उंबऱ्यापासनं लिंबापतूर जायाला मला आठ दिस लागलं. बांधापतूर म्हैना. पाच म्हैनं त्या कोंबड्यामागं म्या चालले, म्या! आन् म्हणं ह्येनं चालवलं. खोटं बोलायला पण सुमार पायजे की वो. तुमी नुसतं भिताडाआडनं बघत हुता, डोळं पुसत."